इस्राएल हे घड्याळ नव्हे : मराठी मंडळ्यांचे पाळक आणि बायबल शिक्षक यांस खुले पत्र

आदरणीय पाळकवर्ग, बायबल अभ्यासवर्गांचे शिक्षक आणि ईश्वरविज्ञानाचे अध्यापक यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

मी एका मराठी मंडळीत गेली बावीस वर्षे संडे स्कूल शिकवतो. मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. ग्रीक अक्षरओळख निवृत्तीनंतर झाली आणि आजही शब्दकोश मांडीवर घेतल्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. तरीही हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो, कारण भविष्यवाणीत यहूदी लोकांचे स्थान काय, या विषयावर आपल्या व्यासपीठांवरून फार खात्रीने बोलले जाते आणि त्या खात्रीचा जाब नंतर वर्गातली मुले आम्हाला विचारतात.

निमित्त झाले एका फ्लेक्सचे. आमच्याकडे तीन दिवसांच्या अभ्याससभेसाठी पाहुणे उपदेशक आले होते आणि त्यांनी सोबत आठ फूट लांबीचा एक फ्लेक्स आणला होता. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला नवे यरुशलेम आणि मधे इंद्रधनुष्यासारख्या कमानी. ‘मंडळीचा (म्हणजे ख्रिस्ती समाजाचा) काळ’, मग वर जाणारा बाण आणि ‘मंडळीचे उचलले जाणे’, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे स्वर्गात घेतले जाणे, मग काळ्या पट्ट्यात ‘सात वर्षांचे महासंकट’. इस्राएल राज्य स्थापन झाले त्या १९४८ या आकड्याभोवती लाल वर्तुळ होते. छडीने त्या वर्तुळावर टकटक करीत उपदेशक म्हणाले, “इस्राएल हे देवाचे घड्याळ आहे. वर्तमानपत्र उघडा आणि काटे कुठे आले ते पाहा.” लोकांनी मोठ्याने आमेन म्हटले. मीही म्हटले असेन.

पुढच्या रविवारी वर्गातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, “सर, त्या काळ्या पट्टीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की यहूद्यांचे दोन भाग मरणार आणि एक भाग वाचणार. आपण तेव्हा वर असणार ना? मग आपण ते वरून बघणार का?” फ्लेक्सवर तिथे जखऱ्या १३:८ चा संदर्भ होता. मोठ्यांपैकी कोणीही ती ओळ वाचली नव्हती. मला उत्तर देता आले नाही. मी गाणे सुरू केले.

त्या रात्री मला माझ्या लहानपणीचा उत्तम शुक्रवार आठवला. त्याच मंडळीत, त्याच व्यासपीठावरून आम्ही दरवर्षी ऐकत असू की यहूद्यांनी प्रभूला मारले, म्हणून देवाने त्यांना टाकले आणि त्यांच्या जागी मंडळीला घेतले. आता जुन्या करारातली सर्व वचने आपली आहेत आणि शाप तेवढे त्यांचे आहेत. म्हणजे एकाच व्यासपीठाने मला आधी शिकवले की यहूद्यांचे काम संपले, आणि काही दशकांनी शिकवले की सर्व काही यहूद्यांवरच अडले आहे. या दोन शिकवणींचा मेळ बसत नाही हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही. दोन्हींत यहूदी माणूस कुठेच नाही. पहिल्या शिकवणीत तो टाकून दिलेले टरफल आहे आणि दुसरीत घड्याळाचा काटा.

पहिल्या शिकवणीचे वय मोठे आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती विचारवंताने ट्रिफो नावाच्या यहूद्याशी झालेल्या संवादात खरे, आत्मिक इस्राएल आम्हीच असे मांडले. त्याच शतकात सार्दीसच्या मेलितो या बिशपाने वल्हांडण या यहूदी सणावरील प्रवचनात इस्राएलावर देवहत्येचा आरोप ठेवला. ३८६ आणि ३८७ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम या प्रसिद्ध उपदेशकाने सभास्थानांविरुद्ध, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनास्थळांविरुद्ध, जी प्रवचने दिली ती आज वाचवत नाहीत. त्यांचे कारण मात्र पाहण्यासारखे आहे : त्याच्या मंडळीतले लोक शेजारच्या यहूद्यांच्या सणांना आनंदाने जात होते, आणि ते थांबवायचे होते. ऑगस्टिनने जरा वेगळा मार्ग काढला. यहूदी हे आपल्या शास्त्राचे साक्षीदार आहेत, ते आपल्यासाठी पुस्तके वाहतात, म्हणून त्यांना मारू नये, पण पांगलेलेच राहू द्यावे, असे तो म्हणाला. हा मार्ग जीव वाचवणारा होता हे खरेच; तरी एका जिवंत समाजाला दुसऱ्याची पोथी वाहणारा हमाल ठरवणे हेही त्यात आहेच. मार्टिन ल्यूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहूदी होता याची आठवण देऊन यहूद्यांशी मायेने वागावे असे लिहिले, आणि वीस वर्षांनी, १५४३ मध्ये, त्यांची सभास्थाने जाळावीत असा सल्ला दिला. ते आपोआप ख्रिस्ती होतील ही त्याची अपेक्षा पुरी झाली नव्हती. नाझी राजवटीने त्या पुस्तकाचा पुरेपूर वापर केला. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्यूथरन मंडळीने १९९४ मध्ये त्याचे ते लिखाण जाहीरपणे नाकारले.

हे सर्व युरोपात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, होते. तिथे राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचे नाव आपल्याकडे वनौषधींच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याचे घराणे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहूद्यांचे होते. १५६८ मध्ये तो वारला, दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. ‘देवाने त्यांना टाकले’ हे वाक्य व्यासपीठावर उच्चारायला सोपे असते.

रोमन कॅथोलिक बांधवांचा येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले की ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही, आणि यहूदी देवाने नाकारलेले वा शापित आहेत असे शास्त्राच्या आधाराने शिकवू नये. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र कोणती घोषणा कोणापर्यंत पोहोचली हे ज्याच्या त्याच्या पाळकावर अवलंबून असते.

दुसरी शिकवण तुलनेने कालची आहे. इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत, दानिएलाच्या नवव्या अध्यायातली सत्तर सप्तके (एक सप्तक म्हणजे सात वर्षे) एकोणसत्तराव्यावर थांबली आहेत, मधला सर्व काळ मंडळीचा आहे आणि ती उचलली गेली की शेवटचे सप्तक सुरू होईल, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) यांनी एकोणिसाव्या शतकात घडवली. सायरस स्कोफील्ड यांच्या १९०९ च्या टीपांसह छापलेल्या बायबलने ती घरोघरी नेली. पानाच्या वरच्या भागात वचन आणि खाली टीप, दोन्ही एकाच जिल्दीत. वाचता वाचता टीपेलाही वचनाचे वजन आले. डार्बी यांच्या बाजूने एक गोष्ट मी प्रांजळपणे मान्य करतो. संदेष्ट्यांनी इस्राएलास दिलेली वचने नुसती रूपके म्हणून पुसून टाकता येत नाहीत, हे त्यांना दिसले होते आणि त्यांच्या आधीच्या अनेक थोर भाष्यकारांना दिसले नव्हते.

पण त्या मांडणीतून पुढे जे पीक आले ते आपण पाहतो. अंजिराच्या झाडाला पालवी फुटण्याचा प्रभूचा दृष्टान्त म्हणजे १९४८, त्यापुढे ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ असे म्हटले आहे, एक पिढी म्हणजे चाळीस वर्षे, म्हणून १९८८, असा हिशेब मांडला गेला, आणि १९८८ आले तसे गेले. मग पिढी सत्तर वर्षांची झाली. यहेज्केलाच्या अडतिसाव्या अध्यायातला इस्राएलावर चालून येणारा गोग कधी सोव्हिएत रशिया असतो, तर कधी आणखी कोणी. शिष्यांनी प्रेषितांची कृत्ये पहिल्या अध्यायात प्रभूला नेमके हेच विचारले होते, की आपण याच काळात इस्राएलाचे राज्य पुन्हा स्थापणार काय. आणि काळ व समय जाणणे तुमच्याकडे नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. ते राज्य कधीच येणार नाही असे प्रभू म्हणाला नाही, हेही लक्षात घ्यावे. त्याने फक्त फ्लेक्स काढून ठेवायला सांगितला.

शिवाय, आपण इस्राएलाचे सर्वांत जवळचे मित्र आहोत असे म्हणणाऱ्या शिकवणीच्या शेवटच्या पानावर त्याच लोकांतले दोन तृतीयांश मरतात आणि आपण ते शांतपणे छापतो, याला मैत्री म्हणावे काय? जखऱ्याने ते शब्द आपल्या लोकांतला एक होऊन, आपल्याच देशाबद्दल व्यथित होऊन उच्चारले. बाहेरच्याने ते छडीने दाखवणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता रोमकरांस पत्राचे नववे ते अकरावे अध्याय. या प्रश्नावर नव्या करारात सलगपणे विचार केलेला हा एकच मोठा मजकूर आहे आणि आपल्या उपासनांत तो जवळजवळ कधीच सलग वाचला जात नाही. दहाव्या अध्यायातली तोंडाने कबूल करण्याची ओळ घेतली जाते, अकराव्यातली ‘सर्व इस्राएल तारले जाईल’ ही ओळ घेतली जाते, बाकी शेत पडीक. पौल सुरुवातच रडण्याने करतो. आपल्या भाऊबंदांसाठी आपणच शापित होऊन ख्रिस्तापासून तोडले जावे अशी इच्छा तो बोलून दाखवतो. मग दत्तकपण, गौरव, करार, नियमशास्त्र, उपासना, वचने ही त्यांची आहेत असे म्हणतो, आणि तेथे काळ वर्तमान आहे. ‘त्यांची होती’ असे तो लिहीत नाही, तेही ज्या यहूद्यांनी येशूला मशीहा मानलेले नाही त्यांच्याबद्दल बोलताना. अकराव्या अध्यायाच्या आरंभी तो विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकले काय, आणि स्वतःच उत्तर देतो : कदापि नाही. माझ्या लहानपणीच्या उत्तम शुक्रवारचे वाक्य पौलाने आधीच विचारून खोडून ठेवले होते.

त्यानंतर जैतुनाच्या झाडाचे उदाहरण येते, आणि ते समजायला माझे आजोळ उपयोगी पडले. माझे मामा कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आंब्याची कलमे बांधत. रायवळ कोयीतून फुटलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खुंटाला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. खुंट रानटी, काडी जातिवंत. एकदा मी त्यांना अकराव्या अध्यायातला तो भाग वाचून दाखवला, की येथे मूळ चांगल्या जैतुनाचे आहे आणि काडी रानजैतुनाची लावली आहे. मामा हसले. “उलटं कोण करील? फळ रायवळच लागायचं. फुकट मेहनत,” ते म्हणाले. पौलालाही हे ठाऊक होते, म्हणून तो चोविसाव्या वचनात हे कलम निसर्गाविरुद्ध आहे असे मुद्दाम लिहितो. आपण, विदेशी विश्वासणारे, ती रानटी काडी आहोत. शहाण्या बागाइतदाराने आपल्याला त्या झाडावर बांधलेच नसते. आणि एवढे सांगून तो बजावतो की तोडल्या गेलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नकोस. तू मुळाला उचललेले नाहीस, मुळाने तुला उचलले आहे, आणि तुटलेल्या फांद्या पुन्हा त्यांच्याच झाडावर लावणे देवाला तुला लावण्यापेक्षा सोपे आहे.

या चित्रात जुने झाड तोडून नवे लावलेले नाही, त्यामुळे पहिली शिकवण येथे टिकत नाही. पण दोन झाडेही नाहीत, त्यामुळे दोन वेगळ्या योजनांची मांडणीही येथे अवघडते. आणि ‘सर्व इस्राएल’ या शब्दांवर विद्वानांत कधीच एकमत नव्हते : धर्मसुधारक कॅल्व्हिनने त्यात यहूदी आणि विदेशी मिळून देवाची सर्व प्रजा पाहिली, ऑगस्टिनने अखेरच्या काळी एलियाच्या शिकवण्याने यहूदी ख्रिस्ताकडे वळतील अशी आशा धरली, आणि आणखीही वाचने आहेत. मी स्वतः ऑगस्टिनच्या बाजूला झुकतो. येशू हाच मशीहा आहे ही माझी कबुली आहे आणि ती कोणाला बरे वाटावे म्हणून मी पातळ करीत नाही. पण पौल याला ‘रहस्य’ म्हणतो, ते आपण शहाणपणाचा ताठा धरू नये म्हणून सांगतो असे म्हणतो, आणि तीन अध्यायांच्या अखेरीस तक्ता काढण्याऐवजी देवाच्या अगाध बुद्धीचे स्तोत्र गातो. आपण नेमके त्याच जागी छडी उचलतो.

मराठी मंडळ्यांना हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे होते, कारण यहूदी आपल्यासाठी केवळ पुस्तकातले नाहीत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा सांगणारे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहूदी, कोकणातल्या गावांत घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि म्हणून शनवार तेली म्हणवले जात. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये उभे राहिले. पुढे अमेरिकन मराठी मिशनने आणि स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू उघड होता : हिब्रू शास्त्र नीट वाचता आले की त्यात मशीहा दिसेल. फार थोड्यांचा बाप्तिस्मा झाला. बाकीच्यांनी ती हिब्रू आणि ते मराठी शास्त्र घेतले आणि ते अधिक जाणते यहूदी झाले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री घरी वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि पुढे त्यांनी योसेफ व मोशे यांच्या आख्यानांवर मराठीत कीर्तनेही केली. आपल्या मिशनच्या इतिहासातले हे एक अयशस्वी प्रकरण मानले जाते. माझ्या मते ते सर्वांत सुंदर प्रकरणांपैकी एक आहे.

माझे एक सहकारी बेने इस्राएल होते. त्यांच्या घरी मी एकदा मलिद्याला, म्हणजे त्यांच्या आभाराच्या विधीला, बसलो आहे. ताटात गूळखोबरे घातलेले पोहे, भोवती फळे, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे आपला एलिया संदेष्टा, याच्या नावाने गाणे. मलाखीच्या शेवटच्या अध्यायात एलिया येणार असे वचन आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानात ते पूर्ण झाले असे आपण मत्तयाच्या आधारे मानतो आणि पान उलटतो. त्या घरात ते वचन पोह्यांच्या ताटाभोवती अजून ऐकू येत होते. भविष्यवाणी ही आधी त्यांच्या घरातली गोष्ट आहे, एवढे मला तेव्हा समजले.

आणि फ्लेक्सवरचे ते लाल वर्तुळ? १९४८ नंतर याच पेणकर, रोहेकर, दिवेकर आडनावांची माणसे सामान बांधून इस्राएलला गेली. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली, आपण पुरते यहूदी आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ मध्ये तो प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. आपण ज्याला भविष्यवाणीची पूर्तता म्हणून टाळ्या वाजवतो त्यात असा अपमान, अशी पायपीट आणि अशी घरची ओढ असते.

राज्याबद्दलही एक बोलले पाहिजे. आजच्या इस्राएल राज्याला जगण्याचा हक्क आहे असे मी मानतो, आणि त्यासाठी मला कोणत्याही तक्त्याची गरज वाटत नाही. पण उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले अब्राहामाला दिलेले आशीर्वादाचे वचन एखाद्या सरकारच्या प्रत्येक कृतीवर शिक्का म्हणून मारणे हे संदेष्ट्यांना मान्य झाले नसते. आमोस म्हणतो की देवाने पृथ्वीवरील सर्व कुळांतून तुम्हांलाच निवडले, म्हणूनच तो तुमचा जाब घेईल. यहेज्केलाचा वाळलेल्या हाडांचा सदतिसावा अध्याय आपण १९४८ साठी वाचतो. त्याच यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात तुमच्यामध्ये राहणाऱ्या परदेशीयांना तुमच्या बरोबरीने वतन द्या अशी आज्ञा आहे, आणि ती मी आजवर एकाही तक्त्यावर पाहिलेली नाही. बेथलेहेमात आणि यरुशलेमात अरबी भाषेत उपासना करणारे आपले ख्रिस्ती बांधव आहेत. आपल्या तक्त्यांत त्यांना जागाच नसते. ते बहुधा ‘मंडळीचा काळ’ या कमानीखाली कुठेतरी असावेत.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की येत्या वर्षात आपापल्या मंडळीत रोमकरांस पत्राचे हे तीन अध्याय तीन रविवारी, एकही वचन न गाळता, मोठ्याने वाचावेत. उत्तम शुक्रवारी प्रभूच्या मरणाचा दोष सांगताना तो पिलाताच्या दरबारापुरता आणि मुख्यतः आपल्या स्वतःच्या पापापर्यंत न्यावा, एका समाजावर ठेवू नये. युद्धाची बातमी आली की त्या रविवारी अध्याय शोधण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी. आणि ईश्वरविज्ञानाच्या शाळांनी बेने इस्राएलांचा इतिहास मिशनच्या इतिहासाच्या तासाला शिकवावा, शक्य असेल तर त्यांच्यापैकीच कोणाला बोलावून.

त्या मुलीला मी दोन आठवड्यांनी उत्तर दिले. आपण वरून बघणार नाही, मी म्हणालो, पौल तर त्यांच्या जागी स्वतः मरायला तयार होता. तिने थोडा विचार केला आणि मग विचारले की, मग तो फ्लेक्स कुणी लावला. तो सध्या गुंडाळून आमच्या मंडळीच्या कपाटात, नाताळच्या चांदणीमागे ठेवला आहे. पुढच्या अभ्याससभेला तो पुन्हा लावायचा की नाही यावर डीकन मंडळात चर्चा व्हायची आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. आपले म्हणणे त्याआधी कळले तर मी ते सभेपुढे वाचून दाखवीन.

आपला नम्र,
एक संडे स्कूल शिक्षक